चांदीचं पाणी आणि पार्बताबाईचा निरोप

चुडामण,

तुझ्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने लिहिली. मोजक्या ओळींची होती आणि तिच्यात एक चूक होती. 'जखमेवरील औषधाचे संशोधक' असं त्याने तुला म्हटलं. पान छपाईला जाण्याआधी ती माझ्या नजरेखालून गेली असती, तर तो शब्द मी काढला असता. तू असतास तर सकाळीच फोन आला असता, "काऊन गा पत्रकार, पुन्हा औषद?"

गेलेल्या माणसाला 'तू' म्हणून लिहिलेले लेख मी नोकरीत पुष्कळ तपासले आणि त्यातले बरेचसे 'तू' काढून टाकले. गेलेला वाचत नाही, वाचतात ते मागे राहिलेले. तेव्हा त्यांच्याशी बोला, असं मी नवीन मुलांना सांगत आलो. माझं मत बदललेलं नाही. तरी हा मजकूर तुला उद्देशून आहे, कारण तुझ्या तेरवीला तुझ्या बहिणीने तुझ्यासाठी एक निरोप माझ्याजवळ दिला. तो आता पोहोचवता येणार नाही, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. म्हणाली, "तुमी लिहिता ना? मंग त्यातच सांगून टाका."

निरोप शेवटी आहे. तो कळावा म्हणून आधी जे झालं ते लिहितो. तुला त्यातलं बरंच माहीत आहे. सगळं नाही.

जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी बदलून गोंदियाला आलो. तू नुकताच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला होतास. कॉलेजच्या प्रयोगशाळेवर मी एक बातमी केली: गॅस नाही, पाणी नाही, काचेची भांडी फुटकी. दुसऱ्या दिवशी तू कार्यालयात हजर. मला वाटलं, प्राचार्यांनी भांडायला पाठवलं. तू म्हणालास, "बातमी बराबर आहे. फक्त नळाले पानी येते. ते प्रयोगाच्या कामाचा नाई, एवढाच."

वाचकाला काय फरक पडतो, असं मी विचारलं. तू खुर्ची ओढून बसलास आणि फरक सांगितलास. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते पिणाऱ्याला चालतात, प्रयोगाला चालत नाहीत. तिथे वाफ करून थंड केलेलं, डिस्टिल्ड पाणीच लागतं. चहा आला, संपला, तू बोलतच होतास. मला ती सगळी माहिती तेव्हा अनावश्यक वाटली होती.

आपली ओळख अशी दुरुस्तीतून झाली आणि पुढेही दुरुस्त्यांवरच चालली. माझ्या मजकुरातली विशेषणं तू मोजायचास. तुझं मराठी मी सुधारायचो, ते तू पाळायचा नाहीस.

गोंदियाजवळ मुर्रीला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून तू घर केलंस. लग्न केलं नाहीस. अर्जुनी मोरगावकडच्या गावाहून पार्बताबाई अधूनमधून यायची. तुझी ही थोरली बहीण. तुझी आई लवकर गेली, तेव्हा तुला हिनेच वाढवलं. नवरा वारल्यावर ती माहेरीच परत आली आणि शेती बघू लागली. तू तिला नुसतं 'बाई' म्हणायचास, म्हणून मीही. एकदा तिने आमच्या घरी लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवले. बायकोने डबा घासूनपुसून परत दिला. पुढच्या भेटीत तू हसत होतास. "बाई विचारून राहिली, पेपरवाल्याच्या घरची साखर संपली का?" तुमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत जात नसे. साखर, मूठभर तांदूळ, दोन लिंबं. अगदीच काही नसलं तर पाणी. बायकोने त्यानंतर कधी रिकामा डबा पाठवला नाही.

चांदीचं काम तू भारनियमनाच्या वर्षांत सुरू केलंस. अर्धा दिवस वीज नसायची. विळा लागला की कंबरमोडीचा पाला चोळून त्याचा रस जखमेवर पिळायचा, हे इकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्या पाल्याच्या अर्कात तू चांदीच्या क्षाराचं पाणी मिसळलंस. रंगहीन द्रावण पिवळं झालं, मग कोऱ्या चहासारखं. त्या रंगात चांदीचे कण होते, इतके बारीक की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हते. नॅनो हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्याकडून ऐकला. चांदीचा तुकडा जंतूंचं फारसं काही बिघडवत नाही. तीच चांदी इतकी बारीक झाली की जंतूच्या कवचाला चिकटते आणि ते फोडते, असं तू समजावलंस.

मग तू मला ती काचेची बशी दाखवलीस. दवाखान्यातल्या चिघळलेल्या जखमांच्या पुवातले जंतू तिच्यात वाढवले होते. दुधावर साय धरावी तसा थर होता. एका बाजूला नेहमीच्या प्रतिजैविकाची चकती. तिला अगदी खेटून जंतू वाढले होते. दुसऱ्या बाजूला तुझ्या द्रावणाचा थेंब, आणि त्याच्याभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ.

"म्हणजे औषध सापडलं," मी म्हणालो.

"नाई. वर्तुळ सापडला."

"फरक काय?"

"बशीत रक्त नाई, चामडी नाई, मानूस नाई. फरक का विचारून राहिलास?"

मी बातमी केली. तिच्यात 'प्राथमिक', 'प्रयोगशाळेत', 'माणसांवर चाचणी झालेली नाही' हे तिन्ही होतं. मथळा नागपूरच्या डेस्कने दिला: 'चिघळलेल्या जखमेवर औषध, गोंदियाच्या प्राध्यापकाचा शोध'. मथळा माझा नव्हता, हे मी तेव्हा सांगितलं. आजही तेच सांगतो. तुझं म्हणणं, लोक मथळा वाचतात, आणि ते मला तुझ्याआधीपासून माहीत होतं. हा वाद मिटला नाही.

लोक मुर्रीला येऊ लागले. राइस मिलमध्ये हात भाजलेला एक जण, त्याच्याबरोबर त्याचा भाऊ: "सर, वो चाँदीवाला पानी थोड़ा दे दो ना. शीशी घर से लाए हैं." नागझिऱ्याकडची एक बाई, नवऱ्याला घेऊन, मोहफुलं वेचताना अस्वलाने त्याचं डोकं फाडलं होतं आणि टाके पिकले होते. सगळ्यांना तुझं एकच उत्तर: हे औषध नाही, सरकारी दवाखान्यात चला. काहींना तू स्वतः नेऊन पोहोचवलंस. एक म्हातारा फाटकातून परत जाताना मोठ्याने म्हणाला, "चांदी आहे ना, म्हनून हात आखडते. प्राध्यापक नाई, सोनार आहे सोनार." तू हसलास. एका बाईने पायातली जोडवी कंबरमोडीच्या रसात भिजत घातली आणि तो रस जखमेवर लावला. जोडवी काळी पडली आणि जखम होती तशीच राहिली. ती तुझ्याकडे जोडवी उजळून मागायला आली. ती मात्र तू उजळून दिलीस.

पार्बताबाईच्या पायाचं यानंतरचं. रोवणीच्या दिवसांत बांधीत काटा रुतला. तिने तो काढला आणि तशीच चिखलात उभी राहिली. धान निसवलं, लोंब्या आल्या, तरी जखम भरली नाही. तू तिला मुर्रीला आणलंस. दवाखान्यात रक्तात साखर निघाली, मधुमेह असल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. नेहमीची प्रतिजैविकं लागू पडेनात. डॉक्टर म्हणाले, जंतू हाडापर्यंत गेले आहेत. काही दिवस बघू, नाहीतर दोन बोटं काढावी लागतील.

तिच्या जखमेतले जंतू तू बशीत वाढवलेस आणि त्यांवर तुझा थेंब टाकलास. तोवरचं सगळ्यांत मोठं वर्तुळ उमटलं. तू ते मला दाखवलंस आणि बशी झाकून ठेवलीस.

त्या संध्याकाळी मी तुझ्या ओसरीवर होतो. बाई खाटेवर, पाय उशीवर.

"बाबू, तुज्या बाटलीत आहे म्हनतात ना? मंग लाव ना."

"नाई बाई."

"काऊन?"

"अजून कोन्या मानसाच्या जखमेवर लावला नाई."

"मंग माज्यावर लावून पाह्य. मी का मानूस नाई?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तिची बाजू घेतली. बोटं जाणारच आहेत, याहून वाईट काय होईल, असं मी विचारलं.

"पाय," तू म्हणालास.

मग तू कारणं सांगितलीस. नागपूरच्या तुझ्या ओळखीच्या प्रयोगशाळेत कातडीच्या पेशींवर हेच द्रावण टाकलं, तेव्हा त्या पेशीही मेल्या होत्या. किती पातळ केलं म्हणजे जंतू मरतील आणि कातडी जगेल, हे ठरायचं होतं. हे कारण मला पटलं. दुसरं तू तिला सांगितलंस, मान खाली घालून. "बाहेरच्यायले नाई म्हनलो, बाई. आता घरच्याले हो कसा म्हनू?"

तिने उशीवरचा पाय सावरला. मग म्हणाली, "तुले शिकवला तो मास्तर लय खडूस होता. त्याचाच गुन लागला."

दोन बोटं गेली. पाय वाचला, जखम भरली, बाई गावी परतली आणि पुढच्या हंगामात पायताण घालून बांधीवर उभी राहिली. नाही म्हणणं हाही एक निर्णय आहे आणि त्याचाही परिणाम असतो, हे मी तुला अनेकदा ऐकवलं. तू दर वेळी म्हणायचास की तुझ्याजवळ त्या घडीला खरं असं फक्त 'नाही' एवढंच होतं. पण एकदा, वाद नसताना, दोघे चहा पीत असताना तू म्हणालास, "लावला असतो तं राह्यली असती का बोटं?" ते तू मला विचारत नव्हतास.

बाई गावी परतल्यावर थोड्याच दिवसांत तुझी द्रावणाची बाटली बिघडलेली निघाली. कॉलेजचा फ्रिज भारनियमनात गरम व्हायचा, म्हणून सगळ्यांत चांगली जमलेली बाटली तू काळ्या कागदात गुंडाळून घरी, देवघराखालच्या कपाटात ठेवली होतीस. तीच नागपूरला द्यायची होती. तिथला एक संशोधक उंदरांच्या जखमांवर ती लावून बघणार होता, म्हणजे बशीतून बाहेरचं पहिलं पाऊल. द्यायच्या दिवशी कागद काढलास तर चहाचा रंग जाऊन राखेचा आला होता आणि तळाशी काळा गाळ. कण एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांचा आता उपयोग नव्हता.

पाण्यात क्षार होते, हे तू लगेच ओळखलंस. ते कुठून आले, यावर तू चुकलास. प्रयोगशाळेचा परिचर झनकलाल डिस्टिल्ड पाणी काढायचा. वीज नसताना त्याने कॅनमध्ये नळाचं भरलं, असं तू धरून चाललास. तो म्हणाला, "सर, नल का पानी हम काहे डालेंगे? बीस साल से यही काम कर रहे हैं." तू त्याच्याशी भांडला नाहीस. तू त्याला पाणी काढायला सांगणं बंद केलंस, स्वतः काढू लागलास. त्याच्या दृष्टीने ते भांडणापेक्षा वाईट होतं. पुढे नव्या बाटल्या झाल्या, पण नागपूरचा तो माणूस बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्याला उंदीर दुसऱ्या कामासाठी हवे होते. दरम्यान असं काम ठिकठिकाणी होऊ लागलं, तुळशीपासून, कडुनिंबापासून. तुझे निबंध छापून आले. वर्तुळं छापून आली. जखमेपर्यंत तू पोहोचला नाहीस.

काही वर्षांनी नागपूरला एका औषधाच्या दुकानात तू भाजलेल्या जखमेवर लावायच्या पट्टीचं पाकीट विकत घेतलंस. तिच्यात चांदीचे तसेच बारीक कण होते. कंपनीने केलेले, डॉक्टर लिहून देत असलेले. मी म्हणालो, बघ, दिलं असतंस तरी चाललं असतं.

"हे तेच नाई," तू म्हणालास. "याच्या मांगं तपासलेली मानसं आहेत. माज्या मांगं बशा."

ते पाकीट तू बाईला नेऊन दाखवलंस. मी तुझ्यासोबत होतो. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि चुलीवरचा भात बघायला उठली. तिला त्यात रस नाही, असा अर्थ मी काढला.

तेरवी गावीच झाली. जेवणं आटोपल्यावर बाई मला तलावाच्या पाळीवर, बांधावर, घेऊन गेली. हा तलाव तुमच्या पूर्वजांनी बांधला, हे तू मला दर खेपेला सांगायचास. ती पायताण काढून बसली. त्या पायाकडे मी पाहिलं, हे तिने पाहिलं.

"भाऊ, तुमाले एक सांगाचा आहे. त्याले सांगाचा राहून गेला."

"सांगा."

"मीनं लावला होता."

मला लगेच कळलं नाही. ती म्हणाली, "तो चांदीचा पानी. तो कालेजात जाये, तवा कपाटातून काढून लावत होतो. डाक्टरनं पट्टी बांधली का सोडाची, लावाचा, पुन्हा बांधाची."

"किती दिवस?"

"ध्यानात नाई. बोटं कापली तवापर्यंत."

"आणि?"

"आनि का? कापलीच ना."

तेव्हाच का नाही सांगितलं, हे मी विचारलं. तिने पाण्याकडे बघत उत्तर दिलं. "मले नाई म्हनून तो जेवला नाई, भाऊ. ताट तसाच सारला. माजी बोटं तं गेलीच होती. त्याचा तो 'नाई' पन मी त्याच्यापासून कायले काढून घेऊ?"

ती पुढे म्हणाली, "पन मंग त्याच्या मनात तेच राह्यला, का लावला असतो तं वाचली असती. ते पाकीट घेऊन आला, तवा त्याचा तोंड पाह्यला मीनं. सांगाले गेलो आनि भात लागला. मंग राह्यलाच. तुमी सांगा त्याले. लावला होता. बोटं गेलीच. त्याचा काई चुकला नाई."

मी सवयीने आणखी एक प्रश्न विचारला. बाटली कमी झालेली चुडामणला दिसली कशी नाही?

तिला प्रश्नच कळेना. "कमी कशी होईल? काढला का विहिरीचा पानी टाकत होतो ना. बाटली रिकामी करून कोनी ठेवते का?"

तिला सांगावं की नाही, याचा मी विचार केला. हे मी लिहिणार होतो आणि कुणीतरी तिला वाचून दाखवणार होतं. म्हणून तिथेच सांगितलं: बाटली त्या पाण्याने बिघडली, नागपूरचं काम त्या बाटलीने अडलं, आणि चुडामणने झनकलालवर संशय घेतला. तिने दोनदा विचारलं, विहिरीचंच का, ते तर आपण पितो. मी क्षारांचं सांगितलं, तू मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस तसं. ती बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "झनकलाल भाजी घेऊन येत होता माज्या आजारात. त्याले आधी सांगा. तो जित्ता आहे."

गोंदियाला आल्यावर मी झनकलालकडे गेलो. तो निवृत्त झाला आहे, घरासमोर खुर्ची टाकून बसतो. सगळं ऐकून म्हणाला, "हम तो तभी बोले थे." थोड्या वेळाने: "सर खुद आते तो चाय पिलाते. चलो, आप पी लो." चहा साखरेचा होता आणि चांगला होता.

आता तुझ्यापुरतं.

यावरून काही सिद्ध होत नाही, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो. रुग्ण एक, तिला साखर, जंतू हाडात. शिवाय पहिल्या दिवसानंतर ती जे लावत होती त्यात विहिरीचं पाणी मिसळलेलं होतं. त्यातले कण तोवर किती शिल्लक होते, हे कुणी सांगू शकणार नाही. तू 'हो' म्हणाला असतास आणि चांगलं द्रावण स्वतः लावलं असतंस, तर काय झालं असतं, हे आपल्याला अजूनही माहीत नाही. तेव्हा आपला वाद जिथे होता तिथेच आहे. फक्त तो घालायला समोर कोणी नाही. ही अडचण मला वाटली होती त्यापेक्षा मोठी आहे. परवा एका बातमीत 'रामबाण' हा शब्द खोडला आणि फोनकडे पाहिलं.

तुझ्यामुळे माझ्या मजकुरातून बरेच शब्द गेले. मी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू त्यातलं विशेषण काढायला लावलं असतंस.

तुझ्या निधनाच्या बातमीची दुरुस्ती आतल्या पानावर छापून आणली आहे. 'औषधाचे संशोधक' ऐवजी 'रसायनशास्त्राचे प्राध्यापक' असे वाचावे.

बाईचा निरोप असा: तिने लावलं होतं. बोटं तरीही गेली. तुझं काही चुकलं नाही.

आणि माझ्याकडून एवढंच, की त्या बाटलीतलं, झनकलालने काढलेलं डिस्टिल्ड पाणी शुद्ध होतं.